दुपट्यानं धरलेली जागा

अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. मार्गशीर्ष होता, आणि त्या सकाळी बेबीनंदाचा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

काम तसं साधं होतं. कौस्तुभला अकरावा महिना लागला होता आणि त्याचं जावळ काढायचं होतं. जावळ निघतं मामाच्या मांडीवर, आणि मामा, म्हणजे नंदाचा धाकटा भाऊ साहेबराव, राहायला गंगेच्या पलीकडं. कुंभार पिंपळगावच्या खालच्या अंगाला गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. खाली बंधारा झाल्यापासून गंगा तुंबून रुंद झाली होती, आणि पुलावरून फेरा मारून माहेर गाठायचं म्हणजे गाड्या बदलता बदलता दिवस मावळायचा. नंदाचा नवरा भुजंग तीर्थपुरीला शाळेवर होता. तो दुपारी मोटारसायकलवरून परस्पर येणार होता. लेकरू घेऊन सासू-सुनेनं सकाळीच जहाजानं पुढं व्हावं, असं ठरलं.

जहाज. हा शब्द मनातल्या मनात म्हणूनच नंदाचं निम्मं पोट भरत होतं. समुद्र तिनं पाहिला नव्हता. शाळेत भूगोलाच्या वहीत ती बोटी काढायची. खाली होडी, वर धुराडं, धुराड्यातून धूर, आणि कठड्याशी हात हलवणारी टिकलीएवढी माणसं. त्यातली एक टिकली आपण, असं ती कुणाला न सांगता ठरवून टाकायची.

खरं तर ती एक जुनी लाँच होती. घाटाचा ठेका काकासाहेबांकडं होता. त्यांनी ती लांब समुद्राकाठच्या कुठल्यातरी बंदरातून आणली होती. तिथं ती वर्षानुवर्षं खाडीतून आणि समुद्रातून उतारू नेत-आणत होती, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. ट्रेलरवर लादलेलं ते धूड ऐन बाजाराच्या दिवशी पिंपळगावातून गेलं तेव्हा पेठ थांबली होती. पोरांनी बांबूनं विजेच्या तारा उचलून धरल्या. नवी बैलजोडी दारात आल्यावर ओवाळतात तसं बायकांनी त्याला ओवाळलं. नंदा गच्चीवरून बघत होती. तिथपर्यंत एक वास आला होता. ओल्या सुंभाचा, जुन्या डिझेलचा, आणि आणखी कशाचातरी, ज्याला तिच्याकडं शब्द नव्हता.

नंदाकडं एरवी शब्दांची टंचाई नसायची. ती डी.एड. झालेली होती. नोकरी अजून लागली नव्हती, पण बालसंगोपनाचं एक जाडजूड पुस्तक होतं आणि ते तिनं इतकं वाचलं होतं की कौस्तुभला नुसती शिंक आली तरी तिला पान आठवायचं. रात्री तो झोपला की ती त्याच्या नाकाखाली बोट धरून बसायची. श्वास लागला की बरं वाटायचं, मग वाटायचं, बोट गार लागून पोर उठलं तर. नावातच बेबी असलेल्या बाईनं बेबी कशी सांभाळायची, हा विनोद भुजंगनं बारशालाच करून ठेवला होता. तिला तो मनातून पटलेला होता, ही त्यातली खरी पंचाईत.

घाटावर पोचल्या तेव्हा धुई इतकी दाट होती की पाणी कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. पिस्ता रंगाचं ते जहाज धुक्यात अर्धंच दिसत होतं. मागचा भाग नव्हताच जणू. फळीपाशी तातेराव उभा होता. जहाज येण्याआधी तो याच पट्ट्यात काळी-पिवळी जीप चालवायचा.

"या मावशी, या. पैलतीर, पैलतीर. लगेच सुटून राह्यलं."

"लगेच म्हंजी कधी रे?" सगुणाबाईंनी, नंदाच्या सासूनं, विचारलं.

"भरलं की."

"अन् भरतंय कधी?"

"सुटायच्या आधी."

सगुणाबाईंनी घाटाकडं बघितलं. बाजाराचा वार नव्हता. चहाच्या टपरीवरच्या कांताबाईशिवाय चिटपाखरू नव्हतं. "सूर्य डोक्यावर यायच्या आत जावळ निघालं पाह्यजे, तातेराव. तू काय जत्रा भरायची वाट बघणार का?"

"येतील की. डिझेल काय फुकट येतं, मावशी?"

"अन् भरलं हे कळतं कसं? एवढी माणसं मोजतो?"

"मोजायचं काम मास्तरांचं. जीप होती तवा बी म्या माणसं मोजली न्हाईत. चाकावरचे पाटे दबले का गाडी भरली." त्यानं जहाजाच्या अंगावरचा पांढरा पट्टा दाखवला. पाण्याच्या वर वीतभर होता. "हितं ही रेघ. ती पाण्याला टेकली का दोरी सोडायची. येकदम बराबर. आजपत्तर कधी चुकली न्हाई."

नंदाचं तिकडं लक्ष नव्हतं. पुढच्या अंगाला, काठाला लागून एक बाक होतं. तिथून दोन्ही बाजूंचं पाणी दिसणार होतं. आणि त्या क्षणी तिच्या हातानं तिला न विचारता एक काम केलं. कौस्तुभच्या अंगावरचं दुपटं ओढून तिनं ते घाटावरूनच, कठड्यावरून, नेम धरून त्या बाकावर फेकलं. तीर्थपुरीच्या स्टँडवर एस.टी. लागली की खिडकीतून रुमाल टाकतात तसं.

सगुणाबाई बघतच राहिल्या. "अगं, समदं जहाज रिकामं पडलंय. जागा कुणापासून धरती?"

"सवयीनं गेलं, आत्याबाई."

"धरू द्या मावशी," तातेराव हसत म्हणाला. "वहिनींनी दुपटं टाकलं, आता त्या जागेला कुणाचा बाप हात लावत न्हाई. आपल्याकडचा कायदाच हाय त्यो."

नंदाही हसली, पण आत कुठंतरी सुखावली. एस.टी.त तिचा रुमाल कधी टिकायचा नाही. कुणीतरी चिमटीत धरून तो बाजूला टाकायचं, खुशाल बसायचं, आणि वर हीच "असू द्या, असू द्या" म्हणत दांडा धरून उभी राहायची. आयुष्यात पहिल्यांदा तिनं धरलेली जागा तिची राहिली होती.

फळीवरून आत पाय टाकला आणि पायाखालचं सगळं हललं.

"आत्याबाई, हललं."

"हलंल न्हाई तर काय. पाण्यावर हाय ते, वट्यावर न्हाई."

सगुणाबाई आतल्या बाजूला टेकल्या. नंदा मधे बसली. काठाची जागा लेकराला घेऊन बसायला धोक्याची, हे पुस्तकात नसलं तरी तिला आपोआप कळलं. म्हणून दुपटं तसंच राहू दिलं. बाकाचं लाकूड गुळगुळीत होतं, कितीतरी लोकांच्या बसण्यानं मधे खोलगट झालेलं. इथून लोक समुद्रावर गेले होते. तिनं हात फिरवून बघितला. मग कौस्तुभला उभं धरून तिनं त्याला काठाची जागा दाखवली.

"ही बघ कोणाची जागा? आमच्या कौस्तुभची. जहाजात स्वतःची जागा आहे बाई आमची."

"कवशाला कशाला पाह्यजे जागा, मांडी हाय की," सगुणाबाई म्हणाल्या. त्यांच्या जिभेला कौस्तुभ झेपत नव्हता.

तातेराव टपरीवर चहाला गेला. धुई आणखी उतरली. आधी घाट गेला, मग फळीचं टोक गेलं. नंदा कान देऊन बसली होती. खालून पाणी चुळुक चुळुक वाजत होतं. तिला सगळंच आवडत होतं. इंजिनाचा वास, कठड्यावरचे थेंब, सासूनं घट्ट धरून ठेवलेली पिशवी.

थोड्या वेळानं मागं बाक करकरलं. मग आणखी एक. कुणीतरी खोकलं. फळीवर पावलं वाजत होती, सावकाश, एकामागं एक, ओल्या चपलांसारखी चपचप. नंदानं सासूच्या मांडीवर हात ठेवला.

"भरायला लागलं, आत्याबाई."

"चला. देव पावला."

मागं वळून बघावंसं तिला वाटलं, पण कौस्तुभ नेमका पेंगुळला होता, आणि धुईत दिसणार काय होतं. जहाज हळूहळू खाली बसत होतं. गरोदर बाई भिंतीला टेकत टेकत बसते तसं. काठाचं पाणी वर येत गेलं.

तातेराव मिशी पुसत आला, वाकून पांढरी रेघ बघितली आणि चकित झाला. "आयला. भरलं की. म्या चहा पेऊस्तोवर भरलं." त्यानं दोरी सोडली, फळी ओढली, पुढच्या केबिनीत चढला. इंजिन धडधडलं आणि घाट मागं सुटला.

निघालं. जहाज निघालं. नंदाच्या घशाशी हसू आलं. आपण आता त्या टिकल्यांपैकी एक. हात हलवायला कुणी नव्हतं तरी तिनं धुईकडं बघून हात हलवला. सगुणाबाईंनी कपाळाला हात लावला, पण ओठांच्या कोपऱ्यात त्याही हसत होत्या.

मग लाटा लागल्या.

पहिली लाट आली तेव्हा नंदाला आनंदच झाला. जहाज वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. पाण्याचे तुषार तोंडावर आले. तिनं ओठ चाटले. खारट लागले. घाम असेल, असं ती म्हणाली स्वतःशी, मार्गशीर्षात कुडकुडत असताना. आणि मग तो वास आला, गच्चीवर आलेला, शब्द नसलेला. आता तो मागून येत होता, गर्दीतून यावा तसा, ओल्या कपड्यांचा आणि केसांचा.

गंगेला लाटा नसतात. बंधाऱ्याचं पाणी परातीतल्या पाण्यासारखं पडून असतं. हे तिला ठाऊक होतं. तरी मनात ती म्हणाली, आपल्याला काय कळतंय नावेतलं, आपण बसलोय कधी?

तिला खटकलं ते दुसरंच. मागं कुणी बोलत नव्हतं.

आपल्याकडची माणसं गाडीत बसली आणि शेजारच्याला कुठलं गाव, कुणाचे तुम्ही, विचारलं नाही, असं कधी झालंय? एवढं जहाज भरलेलं, आणि तंबाखू मागणारा आवाज नाही, पोराला दटावणारी बाई नाही. फक्त लाट आली की सगळी बाकं एकदम करकरायची, आणि मग पुन्हा शांत.

नंदानं मान वळवली.

धुई वाऱ्यानं जरा फाटली होती. शेवटच्या बाकापर्यंत सगळं दिसत होतं. सगळी बाकं रिकामी होती. आणि काठावर पाणी इतकं वर आलेलं की हात खाली सोडला असता तर मनगटापर्यंत भिजला असता.

"नंदे…" सगुणाबाई पुढंच बघत होत्या. "मागं लई लोक हायेत का गं?"

"न्हाई, आत्याबाई."

"किती हायेत?"

"कुणीच न्हाई."

सगुणाबाईंनी काठाच्या पाण्याकडं बघितलं. पिशवी त्यांच्या हातातून खाली गेली. "मंग दबलं कशानं…"

केबिनीतून तातेरावचा आवाज आला, एरवीचाच, वैतागलेला. "ओ मागचे, सगळे येका अंगाला झुकू नका. जहाज कलून राह्यलंय." बोलतच त्यानं डोकं बाहेर काढलं. तो मागं बघत राहिला. मग त्याची नजर खाली दोघींकडं आली. तो बोलला ते अगदी हळू, मढं उचलल्यावर बोलतात तसं. "मावशी… तिकडं बघू नका. बसा तशाच." आणि तो आत गेला. इंजिन जोरात धडधडलं, पण पैलतीर काही येईना.

तेवढ्यात कौस्तुभ जागा झाला.

परक्याकडं न जाणारं पोर ते. शेजारची बाई नुसती जवळ आली तरी आईच्या खांद्यात तोंड खुपसणारं. तो काठाच्या जागेकडं बघून हसला. दोन्ही हात वर केले. कुणी टाळ्या वाजवून "ये, ये" म्हटलं की करतात तसे. आणि कललाच तिकडं.

नंदानं त्याला धरलं. धरताना तिला कळलं की तिच्या हातातलं ओझं कमी झालंय. पोर तिच्या कमरेशी होतं, तिच्या हातात होतं, पण त्याच्या काखेखालून कुणीतरी उचलून धरल्यासारखं हलकं झालं होतं. त्यात दांडगाई नव्हती. भरल्या गाडीत एखादी भली बाई म्हणते ना, द्या इकडं लेकरू, त्याची जागा आहे इथं, तसं.

त्याची जागा. तिनंच धरलेली. तिनंच मोठ्यानं सांगितलेली.

तिचं डोकं लख्ख झालं, परीक्षेत शेवटचा प्रश्न सुटावा तसं. दुपटं काढलं पाहिजे. तिनं एका हातानं दुपट्याचं टोक धरून ओढलं. येईना. पुन्हा ओढलं. ताणलं गेलं, पण सुटलं नाही. वर कुणीतरी बसलेलं असावं, तसं दुपट्याचं मधलं अंग बाकाला चिकटलं होतं, आणि तिथून ओल पसरत होती.

"द्या," नंदा म्हणाली. पुन्हा म्हणाली, "माझं लेकरू द्या. त्याची जागा माझ्या मांडीवर हाय."

कौस्तुभ आणखी हलका झाला.

"नंदे, भांड," सगुणाबाई म्हणाल्या. त्यांनी सुनेला मागून दोन्ही हातांनी कवटाळलं होतं. "भांड गं. तुझ्या तोंडानं धरलीस, तुझ्याच तोंडानं सोड."

मग नंदा भांडली. जन्मात कधी एस.टी.त भांडली नव्हती, ती त्या रिकाम्या बाकाशी भांडली. "आम्हाला नको जागा. चुकून धरली मी. ऐकू येतंय का? सोडली. सोडली जागा. बसू द्या तिथं कुणाला बसायचं त्याला, दुसऱ्याला द्या. माझं पोर उतरणार हाय, साहेबरावाच्या मांडीवर बसणार हाय, त्याचं जावळ हाय आज." काय काय बोलली ते तिला नंतर आठवलं नाही. शेवटी तिनं दुपट्याचं टोक सोडून दिलं.

क्षणभर सगळी बाकं करकरायची थांबली.

आणि कौस्तुभ धपकन जड झाला. त्याचं अकरा महिन्यांचं सगळं वजन तिच्या हातात आलं, आणि तो भोकाड पसरून रडायला लागला. तिनं इतका गोड आवाज कधी ऐकला नव्हता.

जहाजाचं नाक चिखलात रुतलं. पैलतीर. तातेरावनं फळीसुद्धा नीट लावली नाही. दोघी लेकरू घेऊन गुडघाभर पाण्यातूनच काठाला आल्या. पाणी गोडं होतं, गंगेचं, नेहमीचं. मागं जहाज एका हिसक्यासरशी वर उचललं गेलं, मोकळी जीप खड्ड्यातून वर यावी तसं, आणि पांढरी रेघ पुन्हा पाण्यावर वीतभर दिसायला लागली. दुपटं बाकावर नव्हतं. नंदानं ते शोधलं नाही. दुपट्यावर निभावलं, असं तिनं मनाशी धरलं.

गाडीवाटेनं वर चढताना सगुणाबाई म्हणाल्या, "हे आपल्या दोघींत ठेवायचं. भुजंगाला बी सांगायचं न्हाई."

"न्हाई सांगत."

"लेकरू आण इकडं. तू दमलीस." मग जरा पुढं गेल्यावर, "चांगली भांडतीस की गं. मला वाटलं व्हतं नुसतं पुस्तकच वाचती."

नंदाला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. पुढचं सगळं सणासारखं झालं. धुई विरली, ऊन पडलं. अंगणात सडा-रांगोळी होती. साहेबराव नवं धोतर नेसून पाटावर मांडी घालून बसला होता, पहिल्यांदा मामा झाल्याच्या ऐटीत. आजूबाजूच्या बायका जमल्या. जेवायला पुरण होतं, त्याचा वास सगळ्या घरात भरला होता. नंदाला वाटलं, आपण उगाच घाबरलो. धुई होती, लाँच जुनी, आपला स्वभाव हा असा. सासूबाई तरी काय, म्हातारं माणूस. ऊन चढेपर्यंत तिनं स्वतःला जवळजवळ पटवलं होतं.

भिवा न्हावी आला. म्हातारा होता, डोळ्यांनी अधू. उजेड-अंधार तेवढा कळायचा, पण हात असा की तीन पिढ्यांची जावळं त्यानं बोटांनी चाचपून काढली होती, एकाच्या डोक्याला ओरखडा नाही. त्यानं वाटीत बोटं बुडवून कौस्तुभचं डोकं भिजवलं. मामीनं केस झेलायला परात धरली. वस्तरा फिरायला लागला.

कौस्तुभ रडला नाही. सगळ्यांनी कौतुक केलं. तो शहाण्यासारखा बसला होता, आणि मधेच, कुणी न सांगता, मामाच्या मांडीवर एका कडेला सरकला. पुन्हा जरा सरकला. शेजारच्या मोकळ्या मांडीकडं बघून हसला.

"ताई, पाय भरून आला गं," साहेबराव म्हणाला. "लई वजनदार हाय तुझं पोर."

"झालं, झालं," भिवा म्हणाला. त्यानं शेवटचा हात फिरवला. नंदानं पुढं होऊन कौस्तुभला उचललं, गुळगुळीत डोकं गालाशी धरलं, आणि डोळे मिटले. सगळं पार पडलं होतं.

साहेबराव उठला नाही. त्याला उठता येत नव्हतं. तो आपल्या मांडीकडं बघत होता. तिथं धोतर खाली दबलेलं होतं, आणि दबलेलंच राहिलं होतं.

भिवानं वस्तरा पुसला. सवयीनं वाटीत बोटं बुडवली, हात पुढं केला, आणि मामाच्या मांडीच्या वर, हवेत, त्याची बोटं गोलाकार फिरायला लागली. तो थांबला. वाटी बाजूला सरकवली.

"ह्याला नीट धरा, मामा," तो म्हणाला. "ह्याचं जावळ लई दाट हाय. पाणी लावायचं काम न्हाई, ओलंच हाय."